सगळ्यांच्या थोड्या आधी

कुमुदताई टिपणीस कुठे वेळेवर पोचल्याचं मला आठवत नाही. त्या नेहमी आधी पोचायच्या. लग्नाला गेल्या तर मांडववाले अजून कापड ताणत असायचे आणि या पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसलेल्या. कर्जतला भिसेगावच्या आमच्या नाक्यावर बस दिसायच्या आतच त्यांचा हात बाहेर आलेला असायचा. माझी आई म्हणायची, "कुमुदताईंना चहा विचारायचा कशाला? आपण तोंड उघडेपर्यंत त्यांचं 'अर्धा कप' सांगून झालेलं असतं."

हा उतावळेपणा म्हणावा तर त्यांच्या हालचालीत घाई कधी दिसली नाही. त्या सावकाश चालायच्या, सावकाश जेवायच्या. फक्त सगळ्यांच्या थोड्या आधी असायच्या, एवढंच. थोडं आधी असणं ही त्यांची तीस वर्षांची नोकरी होती, हे मला बरंच नंतर समजलं.

त्या आमच्या शेजारी राहायला आल्या तेव्हा मी खालापूरला एका विम्याच्या ऑफिसात नुकतीच लागले होते. टिपणिसांचं घर कर्जतमधलं जुनं. वडील वकील, दोन्ही मुली हुशार. थोरली पुण्याला दिली आणि धाकटी, म्हणजे कुमुदताई, पियानो शिकायला म्हणून जर्मनीला गेली ती तिकडचीच झाली. ती तिकडे नेमकं काय करते याबद्दल गावात दोन-तीन मतं होती. कुणी म्हणायचं शिक्षिका आहे, कुणी म्हणायचं बँडमध्ये आहे. किराणावाल्या काकांनी तर मला खात्रीनं सांगितलं होतं की ती सर्कशीत वाजवते. साठी उलटल्यावर त्या परत आल्या, बंद घर उघडलं, भिंतींना चुना दिला आणि बाहेरच्या खोलीत एक काळा पियानो टेंपोतून उतरवून घेतला. चार हमाल तो उचलत होते आणि या फाटकात उभ्या राहून, हात हवेत धरून, त्यांना "आता" म्हणत होत्या. पियानो पायरीला न लागता आत गेला. हमालांतला एक म्हणाला, "बाई, तुमी पोर्टवर होता का वो?"

लग्नाबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "झालं होतं. चांगला होता. वारला." मग एक श्वास घेऊन दुसरा विषय काढायच्या.

त्यांचा तो श्वास ऐकू यायचा. काहीही करायच्या आधी त्या नाकानं आवाज करून श्वास घ्यायच्या. दार ढकलायच्या आधी, भाजीचा भाव विचारायच्या आधी, जिना उतरायच्या आधीसुद्धा.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मी काही न बोलता. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झाल्या आहेत. मी इंग्रजी शाळेत शिकले, मराठी घरात बोलले, आणि दोन्हीकडे कमीत कमी बोलून भागवलं. शाळेत पियानोच्या चार परीक्षा दिल्या होत्या, त्यातून एक कीबोर्ड घरी उरला होता. तो मी कानाला हेडफोन लावून वाजवायचे, म्हणजे कुणाला ऐकू जायचं नाही. एका रविवारी कुमुदताई आईशी बोलत बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या आणि मी आत वाजवत होते. मी पाण्याला बाहेर आले तेव्हा त्या म्हणाल्या,

"उजव्या हाताची करंगळी उशिरा पडते तुझी. आणि शेवटाकडे पळतेस."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "अहो, पण तिचा आवाज तर बंद असतो."

"पट्ट्यांची टकटक येते की," कुमुदताई म्हणाल्या. "सूर नसले तर लय जास्त नीट ऐकू येते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू श्वास घेतेस आणि तसाच सोडून देतेस. मध्ये काहीतरी बोलायचं असतं, ते गिळतेस. काय बोलणार होतीस?"

मी म्हणणार होते की असं दुसऱ्याचं ऐकू नये. ते मी गिळलं. पण पुढच्या रविवारी त्यांच्या पियानोवर जाऊन बसले.

त्या काय करत होत्या हे त्यांनी मला तिथेच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून नाही. मी विचारणार आहे हे त्यांना आधीच कळलं म्हणून. जर्मनीतल्या एका लहानशा शहराच्या ऑपेरा थिएटरात त्या साहाय्यक संगीत-संचालक होत्या. दिवसा स्वतः पियानोवर बसून गायकांची पदं पक्की करून घ्यायची. संध्याकाळी प्रयोग. पण प्रयोगात प्रेक्षकांपुढच्या खड्ड्यात वाद्यवृंदासमोर उभा राहून हात हलवणारा माणूस वेगळा. ऑपेरात लांबून काही ना काही ऐकू येत असतं. देवळातली प्रार्थना, नदीवरचे नावाडी, गावाबाहेरून जाणारं सैन्य. ते गाणारे वीस-पंचवीस लोक पडद्यामागे अंधारात उभे असतात आणि त्यांना पुढचा संचालक दिसत नाही. त्यांच्यासमोर कुमुदताई उभ्या असायच्या. सजावटीच्या भिंतीला एक भोक पाडलेलं असायचं. डोळा त्या भोकाला, आणि हातात टोकाला लाल दिवा असलेली काडी.

"मागचा आवाज पुढे पोचायला वेळ लागतो," त्यांनी सांगितलं. "म्हणून पुढच्याचा हात पडलेला दिसल्यावर आपण हात टाकला, म्हणजे खूण दिली, तर उशीर झालेला असतो. तो हात टाकणार आहे हे ओळखून थोडं आधी टाकायचा. तीस वर्षं मी एका माणसाच्या खांद्याकडे बघत काढली. हात खोटं बोलतो, खांदा बोलत नाही."

"आणि तुम्ही पुढे कधी उभ्या राहिलात?" हे मात्र मी मोठ्यानं विचारलं.

त्या थोडा वेळ पियानोचं झाकण पुसत राहिल्या. मग सांगितलं, नवीन असताना एकदा पुढच्या संचालकासमोरचा दिवा गेला. भोकातून काही दिसेना. त्यांनी अंदाजानं हात टाकला आणि नावाड्यांचं गाणं उशिरा सुरू झालं. पुढचा संचालक थांबला नाही. "पुढचा कधीच थांबत नाही, तो नियम आहे. मागच्यानं पळत गाठायचं. आम्ही गाठू शकलो नाही. सगळं थिएटर हसलं." त्या प्रयोगाबद्दल त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. पण नंतर पुढचा संचालक आजारी पडला की शेजारच्या शहरातून दुसऱ्या कुणाला तरी गाडीनं बोलावून घ्यायचे. कुमुदताईंना सगळे ऑपेरे पाठ होते. त्या मागे असायच्या.

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. "चांगलं काम होतं," त्या म्हणाल्या. "मला ते येत होतं." आणि मग, श्वास न घेता, "पण एकदा पुढे उभं राहायचंय. लोक बसलेत, आणि मी पुढे आहे, असं."

त्यासाठी त्यांनी स्वतःच एक ऑपेरा रचला होता. पाऊण तासाचा. घाटात पहिल्यांदा रेल्वेचा बोगदा खणत होते तेव्हाची गोष्ट. पुरुष डोंगराच्या पोटात काम करतात, बायका तोंडाशी भाकरी घेऊन उभ्या. संध्याकाळ झाली की बायका हाक मारतात, आतून पुरुष उत्तर देतात, तेवढ्यावरून कळतं की सगळे जिवंत आहेत. शब्द त्यांचेच. त्यांचं मराठी चाळीस वर्षांपूर्वी इथून नेलेलं आणि तिकडे जपून ठेवलेलं होतं, माझं शाळेत दुसरी भाषा म्हणून घेतलेलं. दोघी मिळून आम्ही ते शब्द आईला वाचून दाखवायचो आणि आई "असं कुणी बोलतं का" म्हणून दुरुस्त करायची.

गायला कोण? त्याचं उत्तर पळसदरीला निघालं. तिथलं भजनी मंडळ त्यांनी एका बारशात ऐकलं होतं. मंडळात बायकांची पुढारीण सुमनताई ठोंबरे, पुरुषांकडे त्यांचेच यजमान काशिनाथ. भाताची शेती, काशिनाथ शिवाय एका कारखान्यात नोकरीला. सुमनताईंचा आवाज तिथल्या धरणाच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा. कुमुदताई मला बरोबर घेऊन त्यांच्या ओटीवर जाऊन बसल्या, अर्थातच मंडळी जमायच्या कितीतरी आधी, आणि ऑपेरा म्हणजे काय ते सांगू लागल्या.

"नाटकच, पण बोलायचं नाही. जे काय ते गाऊन. रागवायचं तरी गाऊनच."

"म्हंजे आमच्या पाणवठ्यावर बाया भांडतात तसं," सुमनताई म्हणाल्या. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"तसंच. फक्त इथे दोन चाली एकदम चालतील. अर्ध्या बायका ही म्हणतील, अर्ध्या ती."

काशिनाथ खांबाला टेकून बसले होते. ते विचार करून म्हणाले, "दोन चाली एकदम? मंग देवानं कंची ऐकायची?"

"देवाला दोन कान आहेत, काशिनाथ."

"ऱ्हाऊ द्या, बाई म्हनत्यात तर करून बगू," सुमनताईंनी निकाल दिला. "नाय जमलं तर आपलं भजन हायेच."

जमायला लागलं. दोन चालींचं त्यांना वाटलं तेवढं अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते वेगळंच. ही माणसं डोळे मिटून गायची. लहानपणापासून सवय ती. सूर लागला, मन भरून आलं की डोळे आपोआप मिटायचे, आणि जितकं चांगलं गाणं व्हायचं तितके घट्ट मिटायचे. कुमुदताईंचं सगळं काम डोळ्यांशी. त्या समोर हात वर करून उभ्या आणि पुढे दोन ओळी माणसं, सगळ्यांच्या पापण्या बंद.

"डोळे उघडा!"

"उघडलं, बाई."

चार ओळींनंतर पुन्हा तेच.

"सुमन, डोळे!"

"अवं बाई, डोळं उघडं ठेवलं की मला माजं सैपाकघर दिसतं. मंग गानं कसं लागायचं?"

कुमुदताई हसल्या. त्या क्वचित हसायच्या. मग त्यांनी जे केलं ते मी अजून कुणाला करताना पाहिलेलं नाही. त्यांनी हात खाली केले आणि श्वासानं संचालन सुरू केलं. तो नाकातला मोठा श्वास. बायका डोळे मिटून ऐकायच्या आणि त्या श्वासाबरोबर श्वास घ्यायच्या, आणि सूर एकदम उठायचा. मी कीबोर्डवर होते, मलाही तो पुरायचा. आता मला वाटतं, त्यांना ते तीस वर्षांत कधीतरी करून बघायचं असावं आणि तिकडच्या कुणी डोळे मिटले नसावेत.

पुरुषांना मात्र श्वास ऐकू येणार नव्हता. पुरुष बोगद्यात, म्हणजे पडद्यामागे, सभागृहाच्या मागच्या पडवीत. कर्जतच्या एका शाळेचं सभागृह ठरलं होतं. मी सुचवलं की फोनचा कॅमेरा कुमुदताईंसमोर लावू आणि मागे टीव्हीवर त्यांचा हात दाखवू. आम्ही करून पाहिलं. चित्र किंचित मागे राहून यायचं. "फोनमधला हात शिळा असतो," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. पडद्याला जुन्या पद्धतीनं एक फट ठेवायची आणि काशिनाथांनी तिला डोळा लावून उभं राहायचं, त्यांचा हात पाहून बाकीचे गातील. कुमुदताईंनी त्यांना आधी हात टाकायला शिकवलं. काशिनाथ घाम पुसत म्हणायचे, "कारखान्यात भोंगा झाल्यावर काम सुरू. हितं भोंग्याच्या आदी."

तालमीत कधी जमायचं, कधी उशीर व्हायचा. तेव्हा मागे कोण उभं राहायचं हा प्रश्न निघाला. काढला सुमनताईंनीच, आणि अगदी सरळ मनानं.

"बाई, राग मानू नका. आमी बाया तर डोळं मिटूनच म्हनतो. आमचं आमी म्हनू. आमच्या ह्यांचं काय खरं नाय. तुमाला मागचं काम येतं, तुमी मागं ऱ्हावा. म्हंजे कुटं चुकायचं नाय."

बोलणं बरोबर होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं, माझ्यासकट. जगात ते काम कुमुदताईंपेक्षा चांगलं करणारं माणूस कर्जत-खालापुरात तरी नव्हतं.

कुमुदताईंनी श्वास घेतला. "नाही, सुमन. मी पुढे उभी राहणार."

"पन चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. मी पुढे राहणार."

परत येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. घरी मी आईला सांगितलं तेव्हा तिला ते आवडलं नाही. "हौस म्हणावी का हट्ट म्हणावा. त्या बिचाऱ्यांची फजिती झाली तर?" मग ती भाजी निवडायची थांबली आणि मला म्हणाली की कुमुदताईंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला बहिणीकडे जाणार. डॉक्टरांनी फार आशा दाखवलेली नाही. मंडळाला सांगायचं नाही असं त्यांनी आईकडून वचन घेतलं होतं. त्या ऑपरेशनमधून त्या परत आल्या नाहीत. ते इथेच सांगून टाकते, कारण मला शेवट त्याच्यावर करायचा नाही.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला होता. कुमुदताई दुपारी दोनला येऊन बसल्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरल्या, पोरं पुढे सतरंजीवर, मागे पळसदरीची अख्खी वाडी उभी. मी डाव्या कडेला कीबोर्डवर बसले, तिथून मला कुमुदताईंची बाजू दिसत होती. काळी साडी, केस घट्ट बांधलेले. त्या लोकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केले.

पहिला अर्धा भाग कसा गेला ते मला सांगता येत नाही, कारण मी घाबरून पट्ट्यांकडेच बघत होते. एवढं कळत होतं की लोक हलत नाहीयेत. मग ती जागा आली. संध्याकाळ झालीय, बायका बोगद्याच्या तोंडाशी आल्यात. सुमनताई एकट्या पुढे होतात आणि हाक देतात, "ऐकता का हो, ऐकता का, दिवस कलला, बाहेर या." त्या दिवशी त्यांनी ती ओळ अशी लावली की मी पट्ट्यांवरून नजर उचलली. कुमुदताईंचा हात उठला, पडद्याच्या फटीकडे वळला आणि पडला.

आतून काही आलं नाही.

मागे काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. काशिनाथ फटीला डोळा लावून नीट उभे होते. पण बायकोचा तो सूर कानावर पडला आणि डोळे मिटले. भजनात मिटतात तसेच. त्यांचा हात वर राहिला, त्यांच्या हाताकडे बघणारे सगळे तोंड उघडून तसेच उभे राहिले.

पुढे सभागृहात शांतता. लोकांना वाटलं नाटकातच तसं आहे. एक म्हातारी "अगं बाई, गेले की काय" असं म्हणाली. इथे उत्तर यायला हवं होतं, हे आम्हाला माहीत होतं. माझ्यापुढच्या कागदावर पुढची ओळ होती, ती मी वाजवायला लागले असते तर बायकांनी ती उचलली असती आणि बोगद्यातलं उत्तर तसंच राहिलं असतं. मी कुमुदताईंकडे पाहिलं. पुढचा कधी थांबत नाही.

त्यांनी डावा हात माझ्याकडे आडवा धरला. थांब. उजवा हात परत वर घेतला. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. स्टेशनात कुणाला घ्यायला आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. सुमनताईंनी डोळे उघडले. बहुतेक गाताना पहिल्यांदाच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि कुमुदताईंनी श्वास घेतला, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढा, आणि मान हलवली. पुन्हा.

सुमनताईंनी पुन्हा हाक मारली. पण ती लिहिलेली ओळ नव्हती. बांधावरून मारतात तशी, "अवं! ऐकलंत का वो!" सुरात होती, पण घरची होती.

पडद्यामागून काशिनाथांचा आवाज आला, "आलो गं, आलो!" आणि त्यामागे सगळ्या पुरुषांचा, एकदम, लांबून, डोंगरातून यावा तसा. कुमुदताईंनी तो सगळा पुढे पोचू दिला. मगच त्यांचा हात खाली आला आणि मी वाजवायला लागले. सतरंजीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मागची वाडी ओरडली.

संपल्यावर पुरुष पडद्यामागून बाहेर आले. काशिनाथ सगळ्यांत शेवटी, कान पकडून. "झोपलो नवतो हां, बाई. डोळं मिटलं, येवडंच. लई उशीर झाला का?"

"झाला," कुमुदताई म्हणाल्या. "उभा राहा पुढे."

सगळ्यांना त्यांनी एका ओळीत उभं केलं. लोक टाळ्या वाजवत होते. आता त्यांनी वळून नमस्कार करायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या लोकांकडे पाठ करूनच उभ्या होत्या, काय करायचं ते माहीत नसल्यासारख्या. सुमनताईंनी हातानं खूण केली, वळा, वळा. तेव्हा त्या वळल्या.

नमस्कार त्यांनी केला नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. पहिल्या रांगेतले शाळेचे मुख्याध्यापक, फोन उंच धरलेली माणसं, खांद्यावर पोर घेतलेला बाप, माझी आई, दारात उभा किराणावाला. एकेका रांगेवरून नजर सावकाश मागे मागे जात होती. टाळ्या विरळ झाल्या, थांबल्या, खुर्च्या सरकायला लागल्या. तरी त्या बघतच होत्या.

शेवटी सुमनताईंनी जवळ जाऊन त्यांचा दंड धरला. "चला बाई. तिकडं वडं तळून ठेवल्यात, गार होतील. लोकं जायला लागली."

कुमुदताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "जाऊ की सावकाश."